फौज सुटली, कानातला आवाज सुटला नाही

दोन वर्षांपूर्वी पौषातल्या एका सकाळी पोलादपूर तालुक्यातल्या एका वाडीवरचे निवृत्त हवालदार माझ्या दवाखान्यात आले. तक्रार एकच, झोप येत नाही. वय साठीच्या पुढे, पाठ अजून ताठ, मिशी नीट कातरलेली. रक्तदाब किंचित वर, साखर ठीक. महाडसारख्या गावात झोपेची तक्रार घेऊन रोज पाचसहा माणसे येतात आणि त्यांना पाच मिनिटांत वाटेला लावायची सवय आम्हा डॉक्टरांना लागलेली असते. मीही चहा कमी करा, दुपारचे झोपू नका, असे ठरलेले सांगितले, पंधरा दिवसांच्या गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले. त्या दिवशी मी त्यांचे नीट ऐकले नाही, हे आधीच कबूल करतो.

गोळ्या संपल्यावर ते पुन्हा आले तेव्हा बरोबर त्यांच्या पत्नी होत्या. हवालदार गप्पच. बोलल्या त्या वहिनी. "डॉक्टर, पावसाळ्यात हे झोपतात हो. आषाढ-श्रावणात बघाल तर अगदी लहान पोरासारखे. पाऊस गेला की झोप गेली. मग रात्रभर ओटीवर बसून असतात. हे असं कसं?"

झोपेला ऋतू असतो, असे इतक्या वर्षांत मला कोणी सांगितले नव्हते. मी घराची चौकशी केली. पुढे कौले, मागच्या पडवीवर पत्रे, आणि हवालदारांचा बिछाना त्या पडवीला लागून. आपल्याकडचा पाऊस वाचकांना सांगायला नको. पत्र्यावर तो कोसळू लागला की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. दिवाळी उलटली, रातकिडेही थकले, की मात्र वाड्यांवर अशी शांतता पडते की दूर कशेडी घाटात गिअर बदलणारा ट्रक घरात बसून ओळखावा. मी विचारले, "कानात काही वाजतं का?"

हवालदारांनी आधी बायकोकडे पाहिले. मग म्हणाले, "वाजतं की. कारगिलपासनं वाजतंय. कुकरची शिट्टी लांबून ऐकावी तसं. पण त्याला काय औषध? आमच्या सगळ्या गनरांचं वाजतं."

पंचवीस वर्षे एकाच घरात राहून वहिनींना ही गोष्ट त्या दिवशी प्रथम कळली.

ते तोफखान्यातले. १९९९ च्या उन्हाळ्यात बोफोर्स तोफेवर होते. त्या युद्धात आपल्या तोफखान्याने अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेट डागली, असे सांगितले जाते. तोफेच्या तोंडाशी एवढे आवाज ऐकणारी माणसे आपल्यासारख्याच कानांची होती. "कानात कापूस घालायचो," हवालदार म्हणाले. "आणि बोटं घालायची म्हणाल, तर तिसरा हात कुठून आणायचा? दोन हातांत गोळा." बोफोर्सच्या एका गोळ्याचे वजन चाळीस किलोहून जास्त असते.

हे एका माणसाचे दुखणे असते तर त्यावर आजचा लेख खर्ची घातला नसता. आपला भाग फौजेचा आहे. महाड तालुक्यातल्या आंबवडे गावाला लोक फौजी आंबवडेच म्हणतात. पहिल्या महायुद्धापासून तिथल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे सैन्यात गेली आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीत, तोफखान्यात, सिग्नलमध्ये आपली माणसे आहेत. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर दोन व्हिकर्स मशिनगन एकमेकींवर आडव्या आहेत, म्हणजे कानाचा शत्रू छातीवरच मिरवायचा. शेजारच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. १९४४ साली इटलीत ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. रणात पडलेल्यांचे पुतळे उभारले जातात, आणि ते उभारलेच पाहिजेत. पण जो धडधाकट परत आला आणि ज्याची एकही रात्र धड गेली नाही, त्याची जखम आपल्याला दिसत नाही. त्याच्या घरच्यांनाही दिसत नाही.

आता हा आवाज येतो कुठून ते पाहू. कानाच्या आत, गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या एका पोकळीत, सुमारे १५ हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेबरोबर त्यांचे केस झुकतात आणि मेंदूला संदेश जातो. भाताचे शेत डोळ्यांसमोर आणा. वारा आला की रोपे झुकतात, वारा गेला की उभी राहतात. वादळ आले तर आडवी होतात. काही दोन दिवसांनी सावरतात, काही कायमची जमिनीला टेकतात. शेतात पुढच्या वर्षी नवे रोप लावता येते. माणसाच्या कानात ही केसपेशी पुन्हा उगवत नाही. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे आठ तास ऐकणे ही धोक्याची पायरी मानतात. रायफलची गोळी सुटताना नेमबाजाच्या कानाशी दीडशेच्या वर डेसिबल असतात, आणि डेसिबलच्या हिशेबात दहा वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. तोफेचा विचार वाचकांनीच करावा.

केसपेशी गेल्या म्हणजे त्या पट्टीचे आवाज मेंदूपर्यंत पोहोचत नाहीत. मग मेंदू काय करतो? जुन्या रेडिओवर स्टेशन लागेनासे झाले की आपण बटण पिळून आवाज वाढवायचो आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हायची. तसेच काहीसे होते. बाहेर आवाज नसताना आत वाजत राहते. आपल्या वैद्यांना हे नवीन नव्हते. सुश्रुताने कानाच्या रोगांत कर्णनाद वेगळा सांगितला आहे.

दिवसा गावात, बाजारात, एस.टी.त हा नाद झाकला जातो. रात्री झाकणारे काही उरत नाही. अंथरुणावर पाठ टेकली की माणूस आणि त्याचा कान एवढेच दोघे उरतात. झोप येत नाही म्हणून चिडचिड, चिडचिडीने नाद अधिक बोचतो, बोचला की झोप आणखी दूर. थोड्याच महिन्यांत माणसाला संध्याकाळ झाली की धास्ती वाटू लागते. आमचे हवालदार यातून आपल्या परीने वाट काढत होते. फौजेतून २००५ साली सुटल्यावर त्यांनी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यावर पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि वर्षानुवर्षे रात्रपाळीच मागून घेतली. साहेब खूष, सहकारी खूष. "जागाच असतो, मग पगार तरी घ्यावा," असे त्यांचे म्हणणे. वहिनींना वाटे, माणूस कष्टाळू आहे.

दुसरी वाट बाटलीची. कँटीनची रम माजी सैनिकाला स्वस्तात मिळते आणि दोन पेल्यांनी डोळा लागतो, हे खरे आहे. पण दारूने आलेली झोप मध्यरात्रीनंतर मोडते, आणि मग पहाटेपर्यंत कान आणखी जोराने वाजतो. 'फौजी म्हणजे पिणारच' असे आपण हसत म्हणतो. त्यातल्या काही जणांना कान कधी कोणी विचारला होता का, असे आता माझ्या मनात येते. तिसरी वाट माझ्यासारख्या घाईतल्या डॉक्टरने दाखवलेली, झोपेच्या गोळ्यांची. आठवडाभर बऱ्या, वर्षभर घेतल्या तर त्यांचीच सवय, आणि म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना पडण्याचे भय.

मी त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. ऑडिओग्राम झाला. त्यात चार हजार हर्ट्‌झच्या आसपास ऐकण्याची रेघ खड्ड्यात गेलेली आणि पुढे थोडी वर आलेली होती. नुसत्या वयाने येणाऱ्या बहिरेपणात रेघ सहसा टोकाकडे उतरतच जाते. मध्ये असा खळगा पडणे ही मोठ्या आवाजाची खूण मानतात. वय वाढले की दोन्ही मिसळतात, म्हणून हा कागद जितक्या लवकर निघेल तितका बोलका असतो. आणि आमच्या हवालदारांचा तो निघाला सुटल्यानंतर वीस वर्षांनी.

इथे खरी मेख आहे. सैन्यात जवानाची वैद्यकीय श्रेणी 'शेप' या पाच इंग्रजी अक्षरांत मांडतात: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण प्रकृती आणि डोळे. म्हणजे फौजेने कानाला पाचातले एक अख्खे अक्षर दिलेले आहे. पण त्या अक्षराची परीक्षा मुख्यतः अशी होते की डॉक्टरांकडे पाठ करून सहाशे दहा सेंटिमीटरवर उभे राहायचे आणि साधे बोलणे व कुजबुज ऐकू येते का ते सांगायचे. कान वाजणारा माणूस ही परीक्षा अनेकदा आरामात पास होतो. तो ऐकतो बरे. त्याचे दुखणे जे नाही ते ऐकू येण्याचे आहे.

बरे, त्याने स्वतःहून सांगावे, तर तो सांगत नाही. सेवेत असताना सांगितले तर श्रेणी उतरेल, बढती अडेल, चांगला कोर्स हुकेल. सुटताना रिलीज मेडिकल बोर्डासमोर सांगितले तर पुन्हा तपासण्या, पुन्हा इस्पितळ, घरी जायला उशीर, आणि पुढची पहारेकऱ्याची नोकरीही जायची. हवालदार म्हणाले, "बोर्डानं विचारलं, काही तकलीफ? म्हटलं, नो तकलीफ, साहब. घरची ओढ लागलेली. तेव्हा कोण कानाचं बोलतो?" त्या 'नो तकलीफ'ची किंमत त्यांना पुढे कळली. ऑडिओग्राम हातात आल्यावर त्यांनी अर्ज केला. उत्तर आले, सेवा सोडताना अशी कोणतीही व्याधी नोंदलेली नाही. ते पत्र त्यांनी घडी करून पासबुकात ठेवले आहे.

अपंगत्वाच्या पेन्शनचा नियम थोडक्यात असा. व्याधी सैनिकी सेवेमुळे उद्‌भवली किंवा सेवेमुळे बळावली, असे ठरावे लागते, आणि मुदत पूर्ण करून सुटलेल्याच्या बाबतीत तिचे प्रमाण किमान वीस टक्के भरावे लागते. पहिल्याच अटीवर वर्षानुवर्षे हजारो अर्ज अडले. मग सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या प्रकरणात सांगितले की भरतीच्या वेळी एखाद्या व्याधीची नोंद नसेल तर जवान निरोगी आला होता असेच धरायचे, पुढे त्याला वैद्यकीय कारणाने काढले तर ती व्याधी सेवेमुळे नाही हे सिद्ध करण्याचा भार सरकारवर, आणि संशयाचा फायदा जवानाला. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा लाभ मुदत संपवून सुटलेल्यांनाही लागू झाला. उशिरा जाग आलेल्यांसाठी तरसेम सिंग यांचा २००८ चा निकाल आहे. पेन्शन दर महिन्याला नाकारली जाते, म्हणून उशिरा येणाऱ्याचा दरवाजा बंद होत नाही. मात्र मागची थकबाकी सर्वसाधारणपणे तीन वर्षांपुरतीच. ही प्रकरणे आता सैन्य दल न्यायाधिकरणापुढे चालतात आणि त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

वाचून वाटेल, मग अडले कुठे? अडले नोंदीपाशी. न्यायालयाने दिलेले झुकते माप ज्याच्या कागदावर व्याधी लिहिलेली आहे त्याच्या कामाचे. कर्णनाद मोजायचे यंत्र नाही, तो ऑडिओग्रामवर उमटत नाही. बहिरेपण पंधरा टक्के भरले तर हाती शून्य, आणि त्याच कानाने नेलेली झोप कोणत्याच रकान्यात बसत नाही.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिकडे माजी सैनिकांना सेवेतून आलेल्या ज्या व्याधींची भरपाई मिळते, त्यांत संख्येने पहिला क्रमांक कान वाजण्याचा लागतो. एक कान वाजो की दोन, त्याचे दहा टक्के ठरलेले. माणसाचे स्वतःचे सांगणे यात पुरावा म्हणून चालते, असे तिथल्या न्यायालयाने २००२ सालीच म्हटले, कारण तो आवाज दुसऱ्या कोणाला ऐकू येणारच नाही. कर्णनादामुळे निद्रानाश जडला असे डॉक्टरांनी लिहून दिले तर त्याचा दावा मूळ व्याधीला जोडून करता येतो. २०२३ साली तर थ्री एम या कंपनीने सैनिकांना पुरवलेल्या कानातल्या बोळ्यांबद्दलचे दावे मिटवण्यासाठी सहा अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले. त्यांच्याकडे पैसा आहे, हे खरे. पण माणसाच्या शब्दाला किंमत द्यायला डॉलर लागत नाहीत.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो अगदीच पोकळ नाही. न दिसणाऱ्या दुखण्याला पेन्शन दिली तर उद्या कोणीही कान धरून येईल! आपल्याकडे आयुष्यक्रमातून येणाऱ्या रक्तदाब-मधुमेहावर घेतल्या जाणाऱ्या अपंगत्व पेन्शनवर बरीच टीका झाली आहे, आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून सेवा सोडणाऱ्यांसाठी सरकारने नवे नियमही आणले आहेत. खोटे दावे होतील, काही आजही होत असतील. पण रक्तदाब शेतकऱ्यालाही होतो आणि शिक्षकालाही होतो. तोफ मात्र तोफखान्यातच असते. कोणता जवान किती वर्षे तोफेवर, रणगाड्यात किंवा मॉर्टरवर होता, हे सैन्याच्या दप्तरात तारखेनिशी लिहिलेले आहे. त्या नोंदीला ऑडिओग्राममधला खळगा आणि घरच्यांचे म्हणणे जोडले तर खरेखोटे ठरवणे मला तरी फार अवघड वाटत नाही. अशा हत्यारांवर काम केलेल्या प्रत्येकाचा ऑडिओग्राम सुटताना झालाच पाहिजे आणि "कान वाजतो का? झोप लागते का?" हे दोन प्रश्न बोर्डाच्या कागदावर छापलेले असले पाहिजेत. 'काही तकलीफ?' हा प्रश्न पुरेसा नाही. त्याचे उत्तर कोणता फौजी काय देतो ते आपण पाहिले. आणि नाद, बहिरेपण आणि गेलेली झोप यांची टक्केवारी एकत्र धरावी. चार वर्षांनी परतणाऱ्या अग्निवीरांच्या बाबतीत तर ही घाई जास्त आहे. गावात आल्यावर त्यांच्या कानाची दाद कोण घेणार?

आमच्या हवालदारांना मी एकदा विचारले, पैशाची एवढी गरज आहे का? मुलगा मिळवता आहे, पेन्शन चालू आहे. ते म्हणाले, "पैसे नकोत असं नाही. पण हे फौजेत झालं, एवढं तरी कुणी लिहून द्यावं. नाहीतर लोक म्हणणार, म्हातारा भ्रमिष्ट झाला, रात्रीचा जागतो."

आता घरोघरच्या वाचकांसाठी चार गोष्टी. प्रत्येक वाजणारा कान तोफेने वाजत नाही. मळ साठूनही वाजतो आणि तो पाच मिनिटांत निघतो. स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने, जास्त प्रमाणात घेतलेली ॲस्पिरिन, काही लघवीच्या गोळ्या यांनीही वाजतो, तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. एकाच कानात आवाज येत असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, सोबत चक्कर असेल किंवा कान एकाएकी बंद झाला असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. अचानक आलेल्या बहिरेपणात उपचाराचे दिवस मोजके असतात. लसूण घालून उकळलेले तेल कानात ओतण्याचा उद्योग कृपा करून थांबवा. पडदा फाटलेल्या कानात त्याने काय होते ते मी पाहिले आहे.

जुना कर्णनाद पुरता घालवणारी गोळी आजवर निघालेली नाही. निघाली म्हणणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. त्याच्यासह झोपता मात्र येते. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांचा नाद मागे पडतो, आणि माजी सैनिकांना ते ईसीएचएसमधून मिळू शकते. खोली अगदी निःशब्द ठेवू नये; पंखा, हलक्या आवाजातला रेडिओ, काहीतरी असावे. रात्री कितीही जागरण झाले तरी सकाळी उठायची वेळ बदलू नये, दुपारी आडवे होऊ नये, आणि अर्धा तास झोप आली नाही तर अंथरूण सोडून दुसरीकडे बसावे, डोळे जड झाले की मगच परतावे. विचारांची आणि सवयींची ही शिकवणी देणारे तज्ज्ञ असतात आणि आज तिचाच आधार सर्वांत भक्कम मानला जातो. जुने प्रसंग स्वप्नात येत असतील, जगणे नकोसे वाटत असेल तर टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो. त्यात कमीपणा नाही.

कागदाचे म्हणाल तर आधी ऑडिओग्राम काढा, कान कधीपासून वाजतो आणि झोप कशी जाते ते डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या, नामंजुरीचे पत्र आले असेल तर त्यातली अपिलाची मुदत वाचा, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. हे कार्यालय अलिबागला आहे. पोलादपूरहून पहाटेची गाडी धरून निघालेला साठीचा माणूस काम करून परत येईपर्यंत रात्र होते, आणि एखादी झेरॉक्स कमी पडली तर पुन्हा तेच. जिथे माजी सैनिकांची घरे इतकी दाट आहेत, तिथे महिन्यातून एक दिवस महाडला बसून हे काम व्हायला काय हरकत आहे? आणि त्या दिवशी कान तपासायचे यंत्र कोणी घेऊन आले तर मीही दवाखाना बंद ठेवून मदतीला बसेन.

हवालदारांचे अपील गेले आहे, उत्तर यायचे आहे. गोळ्या हळूहळू कमी करून बंद केल्या. मागच्या श्रावणात त्यांच्या नातवाने पडवीत बसून पत्र्यावरचा पाऊस तासभर मोबाइलमध्ये भरून ठेवला. थंडीत तोच उशाशी बारीक लावतात. वहिनी म्हणतात, चार-साडेचार तास झोप होते. पण मध्येच त्यांना जाग येते आणि पाऊस पडतोय असे वाटून वाळत घातलेले कपडे आणायला त्या अंगणात जातात.